इलेक्शनची बातमी अन् तिच्याखालच्या कमेंटी कशा वाचायच्या

एप्रिल २०२४. लोकसभेचं मतदान चार दिवसांवर आलेलं, ऊन असं की नागपूरच्या सीताबर्डीत सुद्धा माणूस सावली बघून चालत होता, अन् आमचे मामा पानठेल्यावर मोबाईल माझ्या नाकासमोर धरून सांगून राहिले, "अबे, सगळं नागपूर हेच म्हणून राह्यलं, वाच तर खरं." वाचलं. लोकल पोर्टलची बातमी, खाली तीनशेच्या आसपास कमेंटी. आता नागपूर लोकसभेत मतदार २२ लाखांवर, म्हणजे तीनशे कमेंटी तीनशे वेगवेगळ्या माणसांच्या अन् सगळे इथलेच मतदार असं जरी धरलं तरी ७,३०० मतदारांमागे एक जण बोलला. अन् ते तीनशे वेगळे नव्हतेच, एकट्या एका भाऊच्या अठरा होत्या. मला माहीत कसं, तर मी मोजल्या होत्या, कारण ती बातमी मीच टाकली होती अन् हेडलाइन पण माझीच होती. मामांना तेव्हा काही बोललो नाही.

दोन इलेक्शन मी अशा एका छोट्या पोर्टलच्या डेस्कवर काढल्या, २०१९ ची विधानसभा अन् २०२४ ची लोकसभा, पोर्टलचं नाव नाही सांगत, नागपूर काही एवढं मोठं नाही. काम काय, तर बातमी टाकायची, हेडलाइन फिरवायची, कमेंटीवर नजर ठेवायची. तिथं बसून जे दिसलं त्यावरून हे लिहून राहिलो. कोणाला मत द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी फक्त वाचायची पद्धत सांगतो.

सगळ्यात आधी, मोबाईल हातात घ्यायच्याही आधी, एक कागद घ्या अन् त्यावर आपल्या घराला, मोहल्ल्याला खरंच त्रास देणाऱ्या पाच गोष्टी लिहून फ्रिजवर चिकटवा. हसू नका, हा सगळ्यात कामाचा भाग आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत मॅककोम्ब्स अन् शॉ या दोन प्राध्यापकांनी एक पेपर छापला होता, १९६८ च्या इलेक्शनमध्ये चॅपल हिल गावच्या १०० अनिश्चित मतदारांशी बोलून केलेला, त्यात निघालं असं की बातम्यांत जे विषय जास्त गाजले तेच लोकांना महत्त्वाचे वाटायला लागले होते. म्हणजे बातमी तुमचं मत बदलो न बदलो, तुम्ही कशावर डोकं लावायचं हे ती ठरवून टाकते. आमच्या घरच्या कागदावर पहिल्या नंबरला पाणी होतं, पण नळाचं नाही, अंबाझरीचं, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओव्हरफ्लो होऊन लोकांच्या घरात घुसलं ते. सातच महिने झाले होते. मतदानाच्या त्या आठवड्यात मी मामांच्या मोबाईलवर आलेल्या चाळीस एक लिंका बघितल्या, त्यात या पाण्याची एकही नव्हती, कोण कोणाला काय म्हणाला याच्याच सगळ्या. कागद नसता तर मला पण आठवलं नसतं, खरं सांगतो.

आता हेडलाइन. आम्ही एकाच प्रेसनोटच्या तीन-तीन करायचो. नेता म्हणाला "याबाबत पक्षश्रेष्ठी निर्णय घेतील", आमच्याकडे सकाळी ते "अमुक यांचं सूचक विधान" व्हायचं, दुपारी क्लिक पडल्या की "अमुक यांनी थेटच सांगितलं", अन् संध्याकाळी "नागपुरात राजकीय भूकंप?" प्रश्नचिन्ह लावलं की आपण काहीही लिहायला मोकळे, कोणी विचारलं तर आम्ही विचारलं होतं बाप्पा, म्हटलं कुठं. खळबळ तर आम्ही रोज माजवायचो, पानठेल्यावरचा चुन्याचा डबा सुद्धा हलायचा नाही. तेव्हा हेडलाइन वाचताना त्यातली विशेषणं अन् खळबळ, भूकंप, ट्विस्ट, दणका, खिंडार हे सगळे शब्द मनातल्या मनात पुसून टाका अन् बघा खाली काय उरतं. कोण, कुठं, कधी, काय बोलला किंवा केलं, एवढं उरलं तर बातमी आहे. काहीच उरलं नाही, किंवा "सूत्रांनुसार", "चर्चा आहे", "बोललं जातंय" एवढंच उरलं, तर ते कोणीतरी चहा पिता पिता बोललं असं समजून पुढं जा. तारीख पण बघायची हं, दोन वर्षं जुनी बातमी इलेक्शनमध्ये बरोब्बर नवीन होऊन येते, लिंक खरी असते, पोर्टल खरं असतं, फक्त वर्ष वेगळं असतं.

बातमी पूर्ण वाचली की खाली घसरायचं नाही. थांबा. एका वाक्यात स्वतःला सांगा की काय झालं अन् आपल्याला काय वाटलं, मग कमेंटी उघडा. हे उलटं केलं की घोटाळा होतो, अन् बहुतेक लोक उलटंच करतात, हेडलाइन वाचली की सरळ कमेंटीत, बातमी उघडतच नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांचा २०१३ मध्ये आलेला एक प्रयोग आहे. १,१८३ जणांना नॅनो-सिल्व्हर नावाच्या टेक्नॉलॉजीवरचा एकच मजकूर दिला, काहींना खाली सभ्य कमेंटी दाखवल्या, काहींना शिवीगाळीच्या. मजकूर तोच, पण शिव्या वाचलेल्यांची मतं जास्त टोकाला गेली, ज्यांना आधी धोका वाटत नव्हता त्यांना अजून कमी वाटायला लागला अन् ज्यांना वाटत होता त्यांना अजून जास्त. आता बघा, नॅनो-सिल्व्हरवरून कोणाच्या घरात भांडण होत नाही तरी असं झालं, मग इथं तर इलेक्शन आहे. अमेरिकेच्या पॉप्युलर सायन्स मासिकानं त्याच वर्षी हा अभ्यास पुढं करून आपल्या वेबसाइटवरच्या कमेंटीच बंद करून टाकल्या. आमच्या डेस्कवर मात्र उलटं होतं. शिव्यांची कमेंट डिलीट करू का विचारलं तर उत्तर यायचं, राहू दे, त्याच्यावर रिप्लाय येऊन राहिले, पोस्ट वर चढते. मी पण राहू दिल्या, माझीही त्यात चूक आहेच.

कमेंटी उघडल्या की पहिलं काम, फेसबुक असेल तर वरती "मोस्ट रेलेव्हंट" लिहिलेलं असतं त्यावर बोट ठेवून "ऑल कमेंट्स" करा. तसं नाही केलं तर ज्यांना जास्त लाइक अन् रिप्लाय आले तेच वर दिसतात, अन् तुम्हाला वाटतं की लोक असंच म्हणून राहिले. लोक नाही म्हणत, मशीन निवडून दाखवते. मग अकाउंटं मोजा, कमेंटी मोजू नका. तीनशेत वेगळी माणसं किती? आमच्याकडे साधारण निम्मी निघायची, कधी कधी त्याहून कमी. मग शब्द बघा, "विकासाच्या वाटेवर एकच नाव" हे जर चार वेगवेगळ्या प्रोफाइलवर स्वल्पविरामासकट तेच असेल तर चारही जणांना एकाच वेळी तेच सुचलं असं काही नसतं. एकदा तर एका भाऊनी "येथे उमेदवाराचे नाव टाकावे" असंच पेस्ट करून दिलं, नाव टाकायचंच विसरला, वर त्याला सात लाइक. आम्ही दोन दिवस हसलो.

हे चालतं कसं ते पण सांगून ठेवतो. आमची लिंक पडली की पाच-दहा मिनिटांत ती कोणाच्या तरी ग्रुपवर जायची, तिथं कॉलेजची पोरं बसलेली, कोणाला रोजचे पैसे, कोणाला नुसता नाश्ता अन् साहेबासोबतचा फोटो, अन् तयार मजकूर. सगळेच करतात, या बाजूचे पण अन् त्या बाजूचे पण, फरक फक्त किती पोरं परवडतात याचा. त्यांना सगळा जोर सुरुवातीलाच लावायचा असतो, अन् ते बरोबरच आहे त्यांच्या दृष्टीनं, कारण २०१३ मध्येच सायन्स जर्नलमध्ये मुचनिक, अरल अन् टेलर यांचा अभ्यास आला होता, एका न्यूज साइटवरच्या लाखभर कमेंटींवर केलेला. काही कमेंटींना पडल्या पडल्या एक खोटं लाइक देऊन टाकलं, बस एकच. तर पाच महिन्यांत त्या कमेंटींचा शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्के जास्त गेला. गंमत पुढं आहे, खोटं डिसलाइक दिलं तर लोकांनी येऊन ते भरून काढलं, पण खोटं लाइक कोणीच खोडलं नाही. म्हणजे कोणाला उगाच खाली ओढलं की लोकांना वाईट वाटतं, उगाच चढवलं तर कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून बातमी पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या कमेंटी मी धरतच नाही. रात्री उशिरा, खाली कुठंतरी, एक-दोन लाइकवाली, जिच्यात "आमच्या मानेवाड्याच्या त्या गल्लीत" असं काहीतरी नेमकं असतं, ती वाचतो, माणूस तिथं सापडतो.

प्रोफाइलवर पण एकदा टिचकी मारायची. नवीन उघडलेलं, फोटो फुलाचा किंवा वाघाचा, मित्र बारा, अन् टाइमलाइनवर नुसतं राजकारण, तर समजून घ्या. पण उगाच प्रत्येकाला फेक म्हणू नका, आपल्या काकांची प्रोफाइल पण अशीच असते, गुलाबाचं फूल अन् गुड मॉर्निंग. पेज असेल तर "पेज ट्रान्सपरन्सी" उघडा, तिथं पेज कधी काढलं अन् आधी नाव काय होतं ते दिसतं. कालपर्यंत शायरीचं पेज होतं अन् इलेक्शन लागलं की ते "जनतेचा आवाज" झालं, हे तिथं दोन सेकंदात कळतं. अन् पैसे देऊन पोस्ट पळवली असेल तर फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या अ‍ॅड लायब्ररीत पेजचं नाव टाकलं की राजकीय जाहिरात कोणाच्या नावानं अन् साधारण किती खर्चानं चालली ते निघतं, गूगलचं पण तसंच ट्रान्सपरन्सी सेंटर आहे.

आता जे कमेंट करतच नाहीत त्यांचं. जर्मनीच्या नोएल-नॉयमान बाईंनी १९७४ मध्ये मांडलं होतं की आपलं मत कमी लोकांचं आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो, तो गप्प बसला की ते मत अजून कमी दिसतं, मग अजून चार जण गप्प. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर हे रोज घडते, दोघं-तिघं दणादण टाकून राहतात अन् बाकी ऐंशी जण वाचून मोबाईल खिशात घालतात. त्या ऐंशींचं मत काय, तुम्हाला माहीत नाही, टाकणाऱ्यांना तर अजिबातच माहीत नाही. २०२४ मध्ये मोठमोठ्या एजन्सींचे एक्झिट पोल एनडीएला ३५० च्या वर दाखवत होते अन् निघाल्या २९३. पोलवाले तर निदान घरोघरी, बूथवर जाऊन विचारतात तरी चुकतात, मग आपण ग्रुप वाचून हवा कोणाची ते सांगायचं म्हणजे कठीण आहे राजेहो. अन् नागपुरात त्या वेळी मतदान झालं ५४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दहा लाख लोक घरीच बसले, त्यातल्या कितींनी कमेंटी केल्या असतील देव जाणे.

पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, थोडक्यात सांगतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी हा विषय फार गाजला, २०१० मध्ये प्रेस कौन्सिलचा रिपोर्ट पण आला, अन् आता जिल्ह्याजिल्ह्यात माध्यमं तपासायची समिती असते, तिला पेड न्यूज सापडली की तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, म्हणून तर जाहिराती बातमीच्या वेषात येतात. ओळखायची कशी? बातमीत समोरच्या उमेदवाराचं नावच नसतं, "उत्स्फूर्त प्रतिसाद", "जागोजागी औक्षण", "माता-भगिनींचा आशीर्वाद" असते, अन् तोच मजकूर अक्षरशः दुसऱ्या पेपरात पण सापडतो. कधी कोपऱ्यात बारीक "प्रायोजित" लिहिलेलं असते. एवढं दिसलं की जाहिरात समजून वाचायची, जाहिरात वाचायला काही हरकत नाही.

फोटोवर गूगल लेन्स मारायचं हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण नागपूरकरांकडे त्याहून सोपी युक्ती आहे. सभेला गर्दी म्हणून सीताबर्डी-झिरो माइल साइडचा फोटो आला की मेट्रोचा पूल शोधा. मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, फोटोत त्या ठिकाणी पूल नाही, खांब नाही, तर गर्दी कुठल्या काळातली ते तुम्हीच सांगा. दुसरं म्हणजे कपडे. एप्रिलमध्ये ४२ डिग्रीत कस्तुरचंद पार्कवर स्वेटर अन् मफलर घालून कोण बसते बे? असा फोटो मला खरंच आला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाण अन् "अनेक वेळा फॉरवर्ड" दिसलं की ते पाठवणाऱ्याचं स्वतःचं नाही, पाच हातांतून तरी फिरून आलं. २०१८ मध्ये एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं त्यांनी भारतात केलं, ते उगाच नाही, त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच जणांना लोकांनी मारून टाकलं होतं. २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो.

मतदानाच्या आधीचे ४८ तास वेगळे धरा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नं प्रचार बंद असतो, पण मोबाईल बंद नसतो, अन् माझ्या अनुभवात सगळ्यात घाणेरडा माल याच ४८ तासांत येतो, कारण खोटं ठरवायला वेळच उरत नाही. अमक्यानं माघार घेतली, तमक्यानं पाठिंबा दिला, मशीनवर चिन्ह बदललं. माघारीची मुदत कधीच संपलेली असते, मशीनवरून नाव जात नाही. या दोन दिवसांत आलेली नवीन खबर मी थेट उद्यावर टाकतो, म्हणजे मत देऊन आल्यावर वाचतो. पैसे वाटप, दारू, असं डोळ्यानं काही दिसलं तर फॉरवर्ड करायच्या जागी निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाका, १०० मिनिटांत कारवाई करायची असा त्यांचा नियम आहे. १९५० हा हेल्पलाइन नंबर पण आहे.

अन् एक्झिट पोल. नागपूरचं मतदान पहिल्या टप्प्यात १९ एप्रिलला झालं, शेवटचा टप्पा १ जूनला. कलम १२६ अ प्रमाणे पहिला टप्पा सुरू झाल्यापासून शेवटचा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल छापायला, दाखवायलाच बंदी. तरी १९ तारखेला संध्याकाळी मामांकडे "नागपूर एक्झिट पोल" आला, विधानसभेच्या सहाही भागांची लीड दशांश चिन्हासकट. मी म्हटलं, मामा, हे एक तर खोटं आहे किंवा गुन्हा आहे, यातलं तुम्हाला कोणतं फॉरवर्ड करायचं? मशीन निकालापर्यंत ४६ दिवस सीलबंद होत्या अन् कमेंटीत मतमोजणी रोज चालू होती.

मतदानाच्या टक्केवारीचं असंच. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा संध्याकाळी ५ वाजताचा आकडा ५८.२२ टक्के आला, नंतर शेवटचा ६६.०५. यावरून विरोधकांनी प्रश्न उचलले, आयोगानं म्हटलं ५ चा आकडा बूथवरून तोंडी येणारा, अंदाजाचा असतो अन् रांगेतले लोक त्यानंतर पण मत देतात. तुम्हाला कोणाचं पटते ते ठरवा, पण आकडा शेअर करताना किती वाजताचा ते लिहा. ती वेळ गाळली की अर्धं भांडण तिथंच तयार होते. अन् बूथवर किती मतं पडली त्याचा कागद असतो, फॉर्म १७ सी, तो उमेदवाराच्या एजंटला मिळतो, तुमच्या ओळखीत कोणी एजंट असेल तर त्याला विचारा, कमेंटीत नका विचारू.

"याच्यावर वीस केसेस आहेत" अशी कमेंट दिसली की उमेदवाराचं शपथपत्र उघडा, नमुना २६, आयोगाच्या साइटवर असते, मायनेता नावाच्या साइटवर पण सोपं करून टाकलेलं असते. केसेस, संपत्ती, कर्ज, शिक्षण सगळं त्यात. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर उमेदवाराला आपल्या केसेस पेपरात अन् टीव्हीवर जाहीर कराव्या लागतात, तीनदा. वीस निघतात का दोन निघतात का शून्य, पाच मिनिटांचं काम आहे.

घरच्या ग्रुपवर कोणी खोटं टाकलं तर तिथंच चारचौघांत धुऊ नका, त्यांना अपमान वाटतो अन् मग ते हट्टानं अजून दहा टाकतात. मामांसोबत मी आधी तेच केलं होतं, दोन महिने बोलले नाहीत. आता फोन करतो, "मामा, ते तुम्ही टाकलं ना, ते कुठून आलं हो तुमच्याकडे?" एवढंच विचारतो, मग ते स्वतःच शोधत बसतात. अन् खोट्याची लिंक "बघा किती खोटं" म्हणून शेअर नका करू, त्याला तेवढंच पाहिजे असते, स्क्रीनशॉट काढा, वर मोठ्या अक्षरात खोटं लिहा, मग टाका.

शेवटी मतमोजणीचा दिवस. ८ वाजता पोस्टल मतं सुरू होतात, मशीन त्यानंतर, साडेआठच्या सुमारास. साधारण १४ टेबलं असतात, ३५० बूथ असले तर २५ फेऱ्या, तेव्हा आघाडी बघताना पुढं "कितवी फेरी, कितीपैकी" लिहिलंय का ते बघा, नसेल तर ती आघाडी नाही, नुसता आवाज आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत मी तर्री-पोहे खायला निघून जातो. अठरा कमेंटीवाल्या भाऊची गोष्ट तोवर मी मामांना सांगून टाकली होती, हेडलाइन कोणाची होती ते पण, चार शिव्या बसल्या. २०२४ च्या विधानसभेच्या मतमोजणीला, २३ नोव्हेंबरला ८ वाजून १० मिनिटांनी मामांचा फोन, "अबे निघाला ना पुढं!" मी म्हटलं, मामा, मशीन अजून उघडल्या पण नाहीत. "मग खाली चारशे लोक अभिनंदन काऊन करून राहिले?" म्हटलं, माणसं मोजा. फोन ठेवला, पोह्यावर तर्री घेईपर्यंत परत वाजला.

"अबे, तो अठरावाला इथं पण आहे."